ध्यानात ऐकू येणारा बारीक आवाज, पाठीत चढणाऱ्या मुंग्या आणि नादानुसंधान

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. वर्षभर तुम्ही रोज पहाटे बसताय, आधी भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास), मग अनुलोम-विलोम, मग भुवयांच्या मध्ये लक्ष. गेल्या काही आठवड्यांपासून उजव्या कानात बारीक 'चींऽऽ' असा सलग आवाज येतोय, शांत खोलीत जास्तच, पाठीतून मुंग्या वर चढतात, मधूनच मान झटका देते, आणि कपाळावर कुणीतरी बोट दाबून धरलंय असं वाटतं. तुम्ही विचारलंय की हा अनाहत नाद, म्हणजे काही न आदळता आत आपोआप ऐकू येणारा आवाज, आहे का, कुंडलिनी, म्हणजे कण्याच्या तळाशी झोपलेली मानली जाणारी शक्ती, जागी झाली का, की कानाचाच काही आजार आहे. आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की कामाच्या वेळी सहा-सात तास कानात हेडफोन असतात. मी या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण माझ्या मते सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच आहे.

आधी कान दाखवून या. ईएनटी डॉक्टर आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची साधी तपासणी. मी अनेक वर्षं साधना करतोय आणि लोकांना शिकवतोही, तरी एका कानात नव्याने आवाज सुरू झालेल्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगतो आणि यात श्रद्धा कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. कानात साठलेला मळ, मोठ्या आवाजाने दुखावलेल्या आतल्या पेशी, जास्त डोसमध्ये घेतलेली ॲस्पिरिन, काही अँटिबायोटिक्स, यातल्या कशानेही असा आवाज येऊ शकतो आणि तो ऐकायला अगदी ग्रंथात लिहिलेल्या नादासारखाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला साधारण ४० तासांच्या वर राहू नये, आणि आवाज वाढवला की ही मर्यादा फार भराभर खाली येते, आता तुमचे रोजचे सहा-सात तास त्यात घालून बघा. तीन गोष्टी असतील तर मात्र थांबूच नका: आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत येत असेल, आवाजाबरोबर गरगरत असेल, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं असेल. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराचे पहिले काही दिवसच मोलाचे असतात, तेव्हा 'नाद खुलतोय' म्हणून महिनाभर वाट बघणं फार महागात पडतं. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका साधिकेला उजव्या कानात अखंड बासरी ऐकू यायची, ती खूप आनंदात होती, मी आग्रहाने तपासणीला पाठवलं तर त्या कानाची वरच्या पट्टीतली ऐकण्याची शक्ती बरीच कमी झालेली निघाली. उपचार सुरू झाले, साधनाही सुरू राहिली, दोन्हीत काही भांडण नव्हतं.

आता समजा रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणून तो आवाज लगेच 'दिव्य' झाला का? तर तसंही नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० लोकांना एकेक करून आवाज न येणाऱ्या खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं, तर काही मिनिटांतच ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं, गुणगुण, शिट्टी, घंटेसारखं, रातकिड्यांसारखं. यातलं कुणी नादयोग किंवा नादानुसंधान, म्हणजे आतला नाद ऐकत ध्यान, करायला बसलेलं नव्हतं. म्हणजे बाहेरची शांतता पुरेशी झाली की आतला आवाज जवळपास सगळ्यांनाच येतो, आपली ऐकण्याची यंत्रणा कधी पूर्ण गप्प बसतच नाही. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही, उलट मला हे फार आवडतं. याचा अर्थ हे आलंबन, म्हणजे मन टेकवायची जागा, प्रत्येकाजवळ आहे, ते कमवावं लागत नाही, फक्त तिथपर्यंत शांत व्हावं लागतं.

मग टिनिटस, म्हणजे कानाच्या तक्रारीतून येणारा आवाज, आणि नाद यात फरक काय? माझं प्रामाणिक मत असं की नुसत्या आवाजावरून तो फरक करता येत नाही. फरक पडतो तो आवाजाकडे लक्ष दिल्यावर काय होतं यात. आजारातल्या आवाजाकडे लक्ष दिलं की साधारणपणे माणूस आवळला जातो, जबडा घट्ट होतो, श्वास वर चढतो, 'हा कधी थांबणार' हा विचार सुरू होतो. ध्यानात जो नाद म्हणून उपयोगी पडतो त्याच्याकडे लक्ष गेलं की श्वास आपोआप लांब आणि बारीक होतो, खांदे खाली येतात, आणि थोड्या वेळाने आवाज उजव्या कानात आहे की डाव्या हेच सांगता येत नाही, तो डोक्याच्या मधोमध किंवा सगळीकडेच आहे असं वाटायला लागतं. दुसरं म्हणजे तो उलगडतो. पहिल्यांदा एकच सपाट 'चींऽऽ' असतो, त्यातच राहिलात की लक्षात येतं अरे हा एक नाही, याच्या आत आणखी एक बारीक सूर आहे, त्याच्या मागे एक जाड घुमणं आहे जे आधीपासून होतंच पण ऐकू येत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच आवाजाबाबत होऊ शकतात, आज आवळणं, उद्या उलगडणं. आणि ज्यांना खरंच टिनिटस आहे, तपासणी झालेली आहे, त्यांनीही न घाबरता हळूहळू हे करायला हरकत नाही, फक्त त्रास वाढतोय असं दिसलं की आवाज सोडून श्वासावर यायचं, हट्टाने आवाजातच बसायचं नाही.

आता मुंग्या. तुम्ही भस्त्रिका किती जोरात आणि किती वेळ करता ते लिहिलेलं नाही, पण तुमच्या वर्णनावरून जास्तच होत असावी. जोरजोरात श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त अल्कलीकडे झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि मज्जातंतू विनाकारण झिणझिणायला लागतात, ओठांभोवती, बोटांत, पाठीवर. जास्त ताणलं तर बोटं आकडतातही. याला प्राण उठला म्हणणारे पुष्कळ व्हिडिओ आहेत, पण हे पाच मिनिटं साधा श्वास घेतला की जातं. म्हणून ओळखायची रीत सोपी आहे: आठवडाभर भस्त्रिका पूर्ण बंद ठेवा, नुसतं बसा, आणि बघा मुंग्या येतात का. नाही आल्या तर त्यांच्याबद्दल पुढे विचारच करायला नको. येत राहिल्या तर तेही ठीक आहे, बसल्यावर पाठीचे स्नायू सैल पडताना, लक्ष एकाच जागी टिकल्यावर, अशा लहरी खरोखर येतात, आणि त्या सुखदही असतात.

मानेच्या झटक्याबद्दल हठयोगप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ फार स्पष्ट आहे. दुसऱ्या उपदेशात (अध्यायात) प्राणायामाच्या तीन पायऱ्या सांगितल्यात: कनिष्ठ पायरीत घाम येतो, मध्यम पायरीत कंप होतो, आणि उत्तम पायरीत प्राण आपल्या जागी स्थिर होतो. म्हणजे थरथरणं, झटके, डोलणं हे फार तर मधलं स्टेशन आहे. योगसूत्रं लिहिणारे पतंजली तर अंगमेजयत्व, म्हणजे अंगाचं थरथरणं, चित्तविक्षेपाच्या (मन विखुरण्याच्या) सोबत्यांत मोजतात, दुःख आणि उखडलेल्या श्वासाच्या शेजारी बसवतात. मग जो माणूस झटके वाढावेत म्हणून अंग सैल सोडून वाट बघत बसतो तो नेमकं उलटं करतोय. झटका आला, येऊ द्या, दाबू नका आणि त्याला खेळवूही नका, पाठ परत सरळ करा आणि पुढे चला. कपाळावरचा दाब बहुतेक वेळा डोळ्यांचा असतो. भुवयांच्या मध्ये 'लक्ष' द्यायला सांगितलं की लोक बंद पापण्यांआड बुबुळं वर आणि आत खेचतात, ते स्नायू दमतात, कपाळ आवळतं, अर्ध्या तासाने तिथे खिळा मारल्यासारखं वाटणारच. डोळे खाली सोडा, जिभेचं मूळ सैल करा, दाब उतरला तर तो स्नायूंचा होता.

आता कुंडलिनी. मी हा शब्द कुणाच्याही अनुभवाला पटकन लावत नाही, स्वतःच्याही नाही. प्राण वाहणाऱ्या नाड्या ७२ हजार, त्यात इडा, पिंगला आणि मधली सुषुम्ना मुख्य, प्राण-अपान (वर आणि खाली जाणारे वायू) एकत्र येऊन सुषुम्नेत शिरले की नाद शुद्ध ऐकू येतो, ही मांडणी मला मान्य आहे, मी तिच्याच आधाराने साधना करतो. पण ती साधना करण्यासाठीचा नकाशा आहे, स्वतःला मार्क द्यायचा तक्ता नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं कुंडलिनीचं वर्णन नीट वाचा. पहिल्या चार ओव्या वाचून 'मलाही पाठीत काहीतरी सळसळलं' असं जुळवू नका, शेवटपर्यंत वाचा. तिथे ती आधी आसन आणि बंध (स्नायू आवळून प्राण अडवण्याच्या क्रिया) पक्के झाल्यावर जागी होते, मग शरीरातले धातू खाते, पृथ्वी आणि आप ही तत्त्वं पचवते, आणि पुढे पुढे तर तिचं कुंडलिनी हे नावसुद्धा उरत नाही, नुसता प्राण उरतो. पाठीतल्या मुंग्या आणि हे वर्णन यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर आहे हे मान्य केलं की माणूस मोकळा होतो, काही सिद्ध करायचं राहत नाही. तसंच चक्रांचं. अनाहताला, म्हणजे हृदयाजवळच्या चक्राला, बारा पाकळ्या, नाभीजवळच्या मणिपूरला दहा, हे जुन्या ग्रंथांत आहे, पण खालून वर तांबडा ते जांभळा असे इंद्रधनुष्याचे रंग ही अलीकडची भर आहे, तेव्हा डोळे मिटल्यावर हिरवं दिसलं म्हणजे हृदयचक्र उघडलं असले अर्थ काढू नका.

नादाच्या क्रमाबद्दल तर फारच गोंधळ आहे आणि इथे मला जरा जास्त लिहायचंय. तुम्ही विचारलंय, "आत्ता चीं ऐकू येतो, मग पुढचा शंख कधी?" हा प्रश्नच बाजूला ठेवा, कारण ग्रंथांचंच यावर एकमत नाही. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात सुरुवातीला समुद्र, ढग, भेरी (मोठा नगारा) असे मोठे आवाज, मध्ये मर्दल (मृदंगासारखं वाद्य), शंख, घंटा, आणि शेवटी किंकिणी (घुंगरू), वेणू (बासरी), वीणा, भुंगा असे बारीक आवाज सांगितलेत. म्हणजे जाडाकडून बारीक. हंसोपनिषदात दहा नाद आहेत आणि ते 'चिणी' या बारीक आवाजापासून सुरू होऊन भेरी आणि शेवटी मेघगर्जनेपर्यंत जातात, म्हणजे जवळजवळ उलटं. घेरंडसंहितेत भ्रामरी या गुंजनाच्या प्राणायामाच्या वर्णनात पहिला आवाज रातकिड्याचा, मग वेणूचा. इतकंच कशाला, त्याच प्रदीपिकेत त्याच उपदेशात आरंभ, घट, परिचय, निष्पत्ती या साधनेच्या चार अवस्थांचे नाद सांगताना आरंभावस्थेतच दागिन्यांसारखा किणकिणाट येतो. तिन्ही ग्रंथ लिहिणारे अनुभवी लोक होते, त्यांच्या त्यांच्या परंपरेत जसं झालं तसं त्यांनी लिहिलं. यावरून मी एवढंच घेतो की बारीक आधी की जाड आधी हे प्रत्येकाच्या कानावर, मनावर आणि पद्धतीवर अवलंबून आहे. बरं, हंसोपनिषदात पहिल्या नादाबरोबर अंगात चिणचिण, चौथ्याला डोकं कापणं असंही लिहिलंय, म्हणजे तुमची चिणचिण कुणी पहिल्यांदा अनुभवलेली नाही, आणि ते उपनिषदही पहिले नऊ सोडून द्यायला सांगतं.

प्रदीपिकेतला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला सल्ला मात्र फार कमी लोक सांगतात. तिथे म्हटलंय की मन पहिल्यांदा ज्या कुठल्या नादाला लागेल तिथेच ते स्थिर करावं आणि त्याच्याबरोबर विरू द्यावं. त्याच्या आधीच्या श्लोकात असंही आहे की जाड सोडून बारकात गेलात किंवा बारीक सोडून जाडात आलात तरी चालेल, पण नाद सोडून तिसरीकडे मन नेऊ नका. किती मोकळीक आहे बघा! क्रमाचा हट्ट नाही, शंखच यायला हवा असं नाही. तुम्हाला 'चीं' मिळालाय, तर 'चीं'. तेवढा पुरतो.

आता बसायचं कसं. रात्री सगळं शांत झाल्यावर किंवा पहाटे, वीस मिनिटं पुरेत, जास्त नको. पाठ सरळ, हनुवटी किंचित आत. सुरुवातीला भ्रामरी पाच-सात वेळा: नाकाने श्वास घ्यायचा, ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, आणि सोडताना घशातून मऊ गुंजन, ताणून लांबवायचं नाही, श्वास जेवढा तेवढाच. स्वीडनमधल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की गुणगुणताना नाकातलं नायट्रिक ऑक्साइड नुसत्या उच्छ्वासाच्या पंधरापट होतं, कारण गुंजनाने सायनसमधली हवा हलते. त्याचा नादाशी थेट संबंध नाही, पण नाक मोकळं होतं आणि श्वास लांबतो, आणि बसायला तेवढं पुष्कळ आहे. भ्रामरीचा खरा फायदा पुढच्या क्षणाला कळतो. शेवटचं गुंजन संपलं की लगेच दुसरा श्वास घेऊ नका, अगदी एक क्षण तसेच रहा, गुंजन थांबल्यावरही आत काहीतरी चालू असतं, तिकडे कान द्या. तिथेच नाद सापडतो.

तरी नाही सापडला तर कान बंद करून बघा. तर्जनी कानात खुपसू नका, अंगठ्याने कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा हलकेच आत दाबा, कोपरं एखाद्या स्टुलावर किंवा उशीवर टेकवा. कोपरं टेकवणं महत्त्वाचं आहे, सांगतो का. कान बंद केल्याबरोबर जी जाड घरघर ऐकू येते ती बरीचशी तुमच्या हाताच्या आणि बोटांच्या स्नायूंची असते, ताणलेला स्नायू सतत बारीक थरथरतो आणि ती थरथर हाडातून कानात जाते. विल्यम वॉलस्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८१० मध्येच हे लिहून ठेवलंय. कितीतरी लोक याच घरघरीला समुद्रनाद समजून वर्षानुवर्षं त्यात बसतात. तपासायचं असेल तर अंगठा जरा जोरात दाबा, घरघर वाढली की समजा स्नायू आहे, हात सैल सोडला आणि ती उतरली की तिच्याखाली जे उरतं ते ऐका. आधी हृदयाचा ठोका ऐकू येईल, त्याला ओळखा आणि जाऊ द्या, मग श्वासाची सळसळ, तीही जाऊ द्या, मग वर कुठेतरी तो बारीक 'चीं' आपला आपण चालू असतो, कुणी सुरू न केलेला. तो मिळाला की दोन मिनिटांत हात खाली घ्या आणि उघड्या कानांनी तोच ऐका. कान कायम बंद ठेवून बसायची सवय लावून घेऊ नका, हात दुखतात आणि मन हातातच अडकतं. षण्मुखी, म्हणजे बोटांनी कान, डोळे, नाक, तोंड मिटून बसण्याची मुद्रा, करणाऱ्यांनी डोळ्यांच्या बाहुल्यांवर बोटांचा दाब देऊ नये, डोळ्यांवरच्या दाबाने हृदयाचे ठोके मंदावतात आणि काचबिंदू असणाऱ्यांना तर ते सरळ धोक्याचं आहे, बोटं पापण्यांच्या खालच्या हाडावर टेकवा.

उजव्या कानाचं काय? प्रदीपिका आणि नादबिंदूपनिषद दोन्ही उजव्या कानाने ऐकायला सांगतात, म्हणून मीही सुरुवात तिथून करायला सांगतो. पण डावीकडे आधी आला तर अपशकुन वगैरे काही नाही, आणि मान उजवीकडे वळवून बसणं तर नकोच, महिन्याभरात मान धरते.

इथून पुढे अडचण एकच येते, ती म्हणजे पाठलाग. नाद आला की मनाला वाटतं हा जाऊ नये, म्हणून माणूस कान टवकारतो, आणि टवकारलं की कानाच्या पडद्याजवळचे स्नायू आणि जबडा ताणला जातो, आवाज एक तर विरतो किंवा कर्कश होतो. मग उद्या परत तोच हवा, परवा त्याहून मोठा हवा. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी ध्यान वाया गेलं असं वाटतं. शेजारच्या खोलीत कुणी हळू बोलत असेल तर आपण कसे श्वास मंद करून नुसते थांबतो, भिंतीवर जाऊन आदळत नाही, तेवढंच करायचंय, थांबायचं आणि येऊ द्यायचं. नाद आला नाही तर जी शांतता आहे तीच ऐका, त्यात काही कमी नाही. पतंजलींच्या पहिल्या पादात (भागात) म्हटलंय की इंद्रियांचा एखादा सूक्ष्म अनुभव आला तर तो मनाला स्थिर बांधायला उपयोगी पडतो, त्यावरच्या व्यासभाष्य या टीकेत तर जिभेच्या मुळाशी धारणा केल्यावर शब्दाचा अनुभव येतो असंही सांगितलंय. पण तिसऱ्या पादात याच जातीच्या अनुभवांना, दिव्य श्रवण वगैरेंना, समाधीतले उपसर्ग, म्हणजे अडथळे, म्हटलंय. मला यात विरोध दिसत नाही. मन इकडेतिकडे धावत असेपर्यंत नाद हा खुंटा आहे, मन बसल्यावरही खुंट्यालाच कवटाळलं तर तोच आड येतो. प्रदीपिकाही शेवटी हेच म्हणते की शब्द आहे तोवर आकाशाची कल्पना आहे, आणि जे निःशब्द तेच परब्रह्म.

त्यामुळे नाद आपोआप बारीक होत होत गेला आणि एका क्षणी आवाजच नाही पण तुम्ही टक्क जागे आहात असं झालं तर घाबरून परत आवाज शोधायला जाऊ नका. नवीन साधक हमखास हेच करतो, त्याला वाटतं काहीतरी हरवलं. झोप आणि हे यातला फरक नंतर कळतो, झोपेतून माणूस जड उठतो आणि मान कललेली असते, यातून हलका उठतो आणि पाठ तशीच सरळ असते. तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवांनी अनाहत नादाला मुक्ती देणारा म्हटलंय पण रंजन करणारा नाही असंही म्हटलंय, आणि संगीताचा एवढा मोठा जाणकार हे लिहितो तेव्हा ते नीट ऐकावं. नाद गोड लागावा, मजा यावी, ही अपेक्षा घेऊन बसलात तर काही दिवसांतच कंटाळा येईल.

आता धोक्याचं, आणि हे कृपया वगळू नका. नादाला शब्द नसतात. आवाज बोलायला लागला, तुमचं नाव घेऊन हाक मारू लागला, तू निवडलेला आहेस, अमुक कर तमुक कर असं सांगू लागला, तर ते नादानुसंधान नव्हे, साधना त्याच दिवशी बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. तसंच झोप दोन-तीन तासांवर आली तरी थकवा नाही, विचार सुसाट, डोक्यात मोठमोठ्या योजना, घरच्यांशी खटके, याला लोक ऊर्जा वाढली म्हणून मिरवतात, मला मात्र ती सगळ्यात काळजीची लक्षणं वाटतात. ज्यांना आधी बायपोलर किंवा सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याचा) त्रास झालाय, फिट येतात, त्यांनी भस्त्रिका, कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि लांबलचक ध्यान शिबिरं यांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि चालू असलेली औषधं कुणाच्याही सांगण्यावरून, माझ्याही नाही, बंद करू नयेत. एवढं गंभीर नसेल, नुसती अस्वस्थता, डोक्यात उष्णता, छातीत धडधड असेल तर बसणं दहा मिनिटांवर आणा, प्राणायाम बंद, डोळे अर्धवट उघडे ठेवा, लक्ष डोक्यातून काढून तळपायांवर ठेवा, रोज भरपूर चाला, वेळेवर पोटभर जेवा, झोप पूर्ण करा. कपाळावर लक्ष ठेवणाऱ्यांचा त्रास नुसतं लक्ष नाभीवर किंवा पायांवर आणल्याने उतरलेला मी पुष्कळदा पाहिलाय.

हेडफोनवर लावायचे 'अनाहत नाद'चे ट्रॅक मिळतात त्याबद्दल पण बरेच जण विचारतात. झोपायला मदत म्हणून हळू आवाजात ऐका हवं तर, पण ते बाहेरचं संगीत आहे, आतलं ऐकायची सवय त्याने लागत नाही, उलट जिथे शांतता हवी तिथेच आपण आणखी आवाज ओततो. गुरू हवा का, तर हवा, निदान असं एक माणूस हवं जे स्वतः हे करतंय आणि तुमचं सगळं ऐकून 'वा, उघडलं की!' असं न म्हणता झोप कशी आहे, चिडचिड किती, पोट साफ होतं का हे विचारतं. माझी साधना कशी चाललीय हे मीही यावरूनच बघतो. राग आल्यावर किती वेळात उतरतो, समोरचा बोलत असताना मी खरंच ऐकतो का की माझं उत्तर तयार करत असतो. नाद ऐकणाऱ्या माणसाचं बाहेरचं ऐकणंही सुधारायला हवं, नाहीतर रोजचं बसणं कुठेतरी चुकतंय.

तुमच्यापुरतं आता असं करा. या आठवड्यात ऑडिओमेट्री. तोवर भस्त्रिका बंद, भुवयांमधलं लक्ष बंद, हेडफोनऐवजी शक्य तिथे स्पीकर, आणि पहाटे फक्त वीस मिनिटं साधं श्वासावर बसणं, आवाज आला तर येऊ दे, त्याचं काही करू नका. रिपोर्ट नॉर्मल आला आणि दोन आठवड्यांत मुंग्या, झटके, कपाळाचा दाब कमी झाला तर वर सांगितल्याप्रमाणे भ्रामरी आणि मग नाद सुरू करा, भस्त्रिका तेव्हाही नको. रिपोर्टमध्ये काही निघालं तर आधी उपचार, आणि बसताना आलंबन श्वासाचंच ठेवा. आवाज दोन्ही कानांत पसरला, डोक्याच्या मध्ये आला किंवा गेला, जे होईल ते रोज दोन ओळींत लिहून ठेवा, त्याच्या खाली त्या रात्रीची झोप किती झाली तेही लिहा, आणि महिन्याभराने मला ते दोन्ही पाठवा.